पाळकसाहेबांच्या ओसरीवरचं कुत्रं

ओझेलकाका मंगळवारी सकाळी गेला आणि दुपारच्या आत टॅलो क्रीकमध्ये रुळापलीकडच्या घराघरांत बातमी पोचली, की झोपाळू ओझेल शेवटचा झोपला. कुणी वाईट बुद्धीनं म्हणत नव्हतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्याला तेच नाव होतं, पोरंसोरंसुद्धा त्याच नावानं ओळखायची.

व्हर्डेलकाकू स्वयंपाकघरात बसली होती. टेबलावर लोकांनी आणून ठेवलेलं खाणं, तळलेली कोंबडी, मक्याचा पाव, बटाट्याचं सॅलड तर चार घरचं. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "खा गं थोडं, व्हर्डेल." ती म्हणायची, "खाते." आणि खायची नाही. तिच्या डोक्यात एकच होतं. नवऱ्याला पांढरे हातमोजे घालून पुरायचं.

हातमोजे म्हणजे अशरचे. माउंट नीबो चर्चमध्ये अशर दारात उभे राहतात, लोकांना आत घेतात, जागेवर बसवतात, कुणाच्या अंगात आलं तर सांभाळतात, आणि हे सगळं तोंडातून शब्द न काढता, नुसत्या हाताच्या खुणांनी. पाळी बदलायची असली की नवा येऊन समोर उभा राहतो, उजवा हात छातीवर आडवा धरतो, म्हणजे मी आलो, तू सुटलास. असा माणूस मेला की बाकीचे अशर पांढऱ्या कपड्यात दोन्ही बाजूंनी रांगेनं उभे राहतात आणि त्याला मधून नेतात. आमच्याकडे त्याच्यापेक्षा मोठा मान नाही. गव्हर्नर झालात तरी तो मिळत नाही.

आणि ओझेलकाकाला अशर मंडळातून काढलेलं होतं. भर उपासनेत झोपला म्हणून.

खरं काय ते काकूला माहीत होतं. पण तिला बोलायची बंदी होती, आणि बंदी घालणारा तर आता मेला होता. मेलेल्या माणसाशी भांडून शब्द परत घेता येत नाही, ही तिची पंचाईत.

ते सगळं पासष्ट सालातलं. तेव्हा कागदाच्या गिरणीत पाण्याचे नळ दोन, गोऱ्यांचा थंड पाण्याचा आणि आपला काळ्यांचा नुसताच. दुकानात पैसे घ्यायचे आपले, पण गल्ल्यावर बसवायचं नाही. माउंट नीबोचे पाळक लुशियस पेटवे यांनी त्याविरुद्ध लोकांना उभं केलं. मोर्चे काढले, दुकानांवर बहिष्कार घातला. उंच माणूस, आवाज असा की शेवटच्या बाकावरच्या बहिऱ्यालाही स्वर्ग दिसावा. त्यांचा एक नियम पक्का होता. हात उचलायचा नाही, शिवी द्यायची नाही, आणि बंदूक तर नजरेलाही पडायला नको. उत्तरेकडून कॉलेजची गोरी पोरं मदतीला यायची, वर्तमानपत्रवाले यायचे, ते सगळे पाळकसाहेबांचं हे बोलणं लिहून घ्यायचे.

मग एकदा त्यांच्या घराच्या खिडकीतून गोळी आली आणि पाळकीणबाईंच्या शिलाई मशिनात घुसली. शेरीफ, म्हणजे तालुक्याचा गोरा पोलीसप्रमुख, आला, मशिनकडे बघून म्हणाला, "गंजलं असेल."

त्याच्या आदल्या वर्षीच जोन्सबोरो गावच्या आपल्या गड्यांनी बंदुका घेऊन वस्तीवर पहारा सुरू केला होता. डीकन म्हणायचे त्यांना, म्हणजे खरं तर चर्चचे सेवक. मग बोगालुसाच्या गिरणीवाल्यांनीही तेच केलं. चर्चमधली, बायकापोरांची, कामधंद्याची माणसं. मोर्चेवाले मार खायला तयार असतील तर असोत, पण घरात झोपलेल्या माणसाला कुणी मारू नये एवढंच त्यांचं म्हणणं. ती बातमी आमच्याकडे रूफस मॅडॉक्सच्या केस कापायच्या दुकानात आली. रूफस आणि ओझेलकाका दोघं कोरियाच्या लढाईत जाऊन आलेले. रूफस म्हणाला, "सरकारनं आपल्याला बंदूक धरायला शिकवली ती काय बदकं मारायला?"

दुकानाच्या खुर्चीवर बायबल ठेवून अकरा जणांनी शपथ घेतली. पहारा द्यायचा, दारू पिऊन यायचं नाही, पहिली गोळी आपण झाडायची नाही. आणि कोण कोण आहे हे सगळ्यांची परवानगी असल्याशिवाय मरेपर्यंत सांगायचं नाही. जोन्सबोरोवाल्यांना यांनी कळवलं, त्यांनी यांना आपलं म्हटलं की नाही देव जाणे, पण आमच्या वस्तीनं यांनाही डीकनच म्हटलं.

अकरा माणसं. शेरीफला मात्र वाटायचं शे-दीडशे तरी असतील. ती करामत काकूच्या टोप्यांची. मोर्चा निघाला की हे लोक मुख्य रस्त्याच्या कडेकडेनं चालायचे, न्हाव्याच्या दुकानात पुढच्या दारानं आत, मागच्या दारानं बाहेर, आणि मागच्या दाराशी काकू टोप्यांची टोपली घेऊन उभी. एकाची काढायची, दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायची, परत रस्त्यावर सोडायचा.

शेरीफनं एकदा रूफसला अडवलं. "ए, किती जण आहात रे तुम्ही?"

"मोजायला घेतो साहेब, पण मोजून होईपर्यंत आणखी येतात."

"तो मघाचा लंगडा परत कुठून आला?"

"लंगडे आमच्यात पुष्कळ आहेत साहेब. कोरियाची कृपा."

लंगडा एकच होता. तो ओझेलकाका. काकूनं त्या दिवशीच त्याला सांगितलं, तू आपला ओसरीवर बस, चालू नको.

म्हणून त्याला पाळकसाहेबांच्या घराचा पहारा मिळाला. गिरणीतून सुटला की जेवायचा, थोडा पडायचा, आणि अंधार झाला की त्यांच्या ओसरीच्या कोपऱ्यात, वेलाच्या मागे, मांडीवर बंदूक घेऊन बसायचा. उजाडलं की परत गिरणी.

पाळकसाहेब रविवारी उपदेशात काय म्हणायचे? म्हणायचे, "आपल्यात काही जण आहेत, त्यांचा देवापेक्षा दारूगोळ्यावर जास्त विश्वास आहे!" मंडळी म्हणायची, "आमेन!" त्यात ओझेलकाकाचा आमेन सगळ्यात मोठा.

काकू त्याला कोपरानं ढोसायची. "तुलाच बोलतोय तो."

"बरं बोलतोय पण."

आता पाळकसाहेबांना ओसरीवर कोण बसतं हे माहीत नव्हतं का? त्यांच्याच घराची ओसरी. पण माहीत नसणं हेच त्यांचं काम होतं. माहीत आहे म्हटलं असतं तर वर्तमानपत्रात आलं असतं की अहिंसेवाला पाळक बंदुकीच्या आडोशाला झोपतो, आणि सगळी चळवळ बदनाम झाली असती. म्हणून संध्याकाळी जेवण झालं की ते चष्मा पुसत, कुणाकडेच न बघता म्हणायचे, "युजिनिया, कुत्र्याला काही ठेवलंस का?"

युजिनिया म्हणजे पाळकीणबाई. त्या ताट भरायच्या. डुकराच्या मांसाचे तुकडे, भाजी, वर दोन टी-केक, आमच्याकडची ती घरची गोड बिस्किटं, आणि थर्मासमध्ये कॉफी. ओसरीच्या दारात ठेवून आत जायच्या. वळून बघायच्या नाहीत.

घरी उतरलेली उत्तरेकडची पोरं विचारायची, "कुत्रं कॉफी पितं?"

पाळकीणबाई म्हणायच्या, "म्हातारं आहे. आणि चावरं आहे. रात्री ओसरीवर जाऊ नका."

त्या पोरांना रात्री कुत्र्याचं खोकणं ऐकू यायचं. गिरणीच्या वाफेनं ओझेलकाकाच्या छातीत तेव्हापासूनच घर केलं होतं. एका पोरानं तर घरी आईला लिहिलं, की इकडे दक्षिणेतली कुत्री माणसासारखी खोकतात.

एकदा पहाटेच्या सुमाराला गाडी आली. चार गोरे. दिवे बंद करून ओसरीसमोर थांबली. ओझेलकाकानं काय केलं? काहीच नाही. खुर्चीवरून उठला आणि दोन पावलं पुढे आला, रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात, बंदूक आडवी धरून, आणि खोकला. गाडी थोडा वेळ थांबली आणि निघून गेली. बस, एवढीच त्याची लढाई.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी सांगितलं, "ते माझ्या दाराशी आले होते! पण परमेश्वरानं त्यांच्या मनात भीती घातली आणि ते परतले!" त्या दिवशी बायका बाकांवरून उठून नाचल्या. ओझेलकाकाही उभा राहून आमेन म्हणाला.

"परमेश्वर लंगडतो वाटतं," काकू पुटपुटली.

पण शरीर ते शरीर. रात्रभर जागायचं, दिवसभर गिरणी, आणि रविवारी हातमोजे घालून ताठ उभं राहायचं. ऑगस्टमधला रविवार, आत भट्टीसारखं गरम, लोक हातपंख्यांनी वारा घेताहेत. ओझेलकाका दानाचं ताट घेऊन मधल्या वाटेत उभा. पाळकसाहेब उपदेश करत होते येशूच्या शेवटच्या रात्रीचा. गुरू बागेत तळमळतोय आणि मेले शिष्य झाडाखाली घोरताहेत. "थोडा वेळ जागता आलं नाही तुम्हाला?" असं ते गरजले, आणि त्याच क्षणी ओझेलकाकाच्या हातातलं ताट खाली पडलं. नाणी बाकांखाली गडगडत गेली. पाठोपाठ तो स्वतः. उभ्या उभ्या झोपलेला माणूस सरळ जाऊन मंडळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या जांभळ्या टोपीवर आडवा झाला. टोपीला पिसं होती. म्हातारी ओरडली तरी हा उठला नाही.

बुधवारी संध्याकाळी मंडळीची सभा बसली. आयव्हरी बटीस्ट तेव्हा विशीतली पोरगी, अशर मंडळात नवी, आणि नियम असे पाठ की देवदूतांनाही रांगेत उभं करेल. तीच उठली. म्हणाली, "पहिल्यांदा नाही हे. इस्टरला भिंतीला टेकून झोपले होते. त्याच्या आधी माझ्या खांद्यावर. नियम आहे, तीन वेळा."

पाळकसाहेब खुर्चीत बसलेले. समोरच्या बायबलवरून नजर उचलली नाही. "ब्रदर ओझेल, तुम्हाला काही सांगायचंय?"

काकूचा जीव टांगणीला. मागच्या बाकावर रूफस बसलेला, तो छताकडे बघत होता. पाळकीणबाई मांडीवरचा रुमाल पिळत होत्या.

ओझेलकाका उठला. टोपी हातात. "नाही साहेब. झोपलो होतो मी."

"का झोपलात?"

"झोप आली साहेब."

लोक हसले. हातमोजे त्यानं तिथेच काढून आयव्हरीच्या हातात दिले, नीट घडी करून. त्या रात्री ताटात दोनाऐवजी चार टी-केक होते.

घरी आल्यावर काकूनं आकाशपाताळ एक केलं. "तोंड आहे ना तुला? की तेही ओसरीवर विसरलास?"

"शपथ घेतलीय गं."

"माझ्याशी पण एक घेतली होतीस, सुखात ठेवीन म्हणून!"

"ती चालू आहे."

"रूफस बोलत नाही, पाळक बोलत नाही, सगळे मिळून तुझा बकरा केला!"

"बकरा नाही," तो टी-केक तिच्यापुढे करत म्हणाला, "कुत्रा." आणि हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "हे बघ, मी बोललो तर पाळकसाहेब खोटे पडतात. ते खोटे पडले तर ते नळ, ती दुकानं, सगळं बारगळतं. मी झोपाळू ठरलो तर काय बारगळतं? एक जोडी हातमोजे. तू पण कुणाला सांगायचं नाहीस. मी गेल्यावरही नाही. म्हण."

काकूनं म्हटलं. रागात माणूस काहीही म्हणतो.

दोन-तीन वर्षांत नळ एक झाला. दुकानात आपल्या मुली गल्ल्यावर बसल्या. पहारे कमी कमी होत गेले, आणि मग डीकन लोक कधी मोडले ते त्यांनाही कळलं नाही. कुणी नोकरीसाठी डेट्रॉइटला गेलं, कुणी दारूला लागलं, बंदुका परत खारी मारायला. रूफस गेला तो कुणालाच परवानगी न देता गेला. मग एकेक करून बाकीचे. शेवटी ओझेलकाका उरला. आता सगळ्यांची परवानगी घ्यायची कुणाकडून?

गंमत म्हणजे माणसं मरत होती तसे डीकन वाढत होते. विद्यापीठातली एक मुलगी आवाज टिपायचं यंत्र घेऊन आली, तर निम्मा गाव तिला सांगायला रांगेत. जो तेव्हा पलंगाखाली लपला होता तोही म्हणाला, मी टॅलो क्रीकच्या डीकनांचा उपकप्तान. उपकप्तानच सात निघाले. लंगडेही पुष्कळ निघाले.

ती मुलगी ओझेलकाकाकडेही आली. "आजोबा, तुम्ही होता का त्यांच्यात?"

"मी? मी झोपलो होतो पोरी. कुणालाही विचार."

तिनं विचारलं. सगळ्यांनी सांगितलं, हो, झोपलाच होता.

पाळकसाहेब म्हातारे होऊन मानानं गेले. त्यांच्या नावानं चर्चला नवा हॉल बांधला, आणि हॉलमध्ये भलंमोठं रंगीत चित्र लावलं. पाळकसाहेब ओसरीवर उभे, हातात फक्त बायबल, आणि पायाशी एक तपकिरी कुत्रं, कान टवकारून. उद्घाटनाला ती उत्तरेकडची पोरं आली, आता टकली झालेली. त्यांच्यातला एक चित्र बघून रडला. "हेच ते! काय खोकायचं हो! त्याच्यामुळे आम्ही निवांत झोपायचो." नवे पाळक माईकवर म्हणाले, "शस्त्र नाही, सैन्य नाही! एक देव आणि एक कुत्रं!" टाळ्या थांबेनात. शेवटच्या बाकावर, दाराजवळच्या त्याच्या नेहमीच्या जागी, ओझेलकाकाही टाळ्या वाजवत होता. चित्राजवळ जाऊन बराच वेळ बघितलं आणि काकूला म्हणाला, "शेपूट चांगलं काढलंय."

पण शेवटच्या आठवड्यात, ऑक्सिजनची नळी नाकात, तो छातीवर उजवा हात आडवा ठेवून बघायचा. सारखा हात उताणा करून बघायचा. काकूनं विचारलं, "काय हवंय?" म्हणाला, "काही नाही. हात उघडे वाटतात." एवढंच. हातमोजे हा शब्दही काढला नाही.

म्हणून बुधवारी काकू आयव्हरीकडे गेली. आयव्हरी आता मंडळाची अध्यक्ष, पांढरे केस, पाठ अजून फळीसारखी सरळ.

"आयव्हरी, त्याला हातमोजे घालू दे. आणि रांग उभी कर."

"व्हर्डेल, माझा जीव तुटतो गं. भला माणूस होता. पण काढलेला सभासद तो. परत घ्यायचं तर त्यानं स्वतः मंडळीपुढे उभं राहून कारण सांगायचं असतं. नियम आहे."

"आता कसा उभा राहील तो?"

"तेच तर," आयव्हरी म्हणाली, आणि डोळे पुसले. "कारण काय होतं गं? मी कितीदा विचारलं त्याला. सांगितलंच नाही कधी."

काकूच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. तिनं तोंड मिटलं आणि घरी न जाता बसमध्ये बसून वृद्धाश्रमात गेली, पाळकीणबाईंना भेटायला. त्या नव्वदीला आलेल्या, चाकाच्या खुर्चीत, खिडकीशी.

"कुत्र्याला ताट ठेवलं का?" पाळकीणबाईंनी बघितल्याबरोबर विचारलं.

नर्स हसली. "रोज विचारतात. आम्ही सांगतो, हो आजी, जेवलं."

काकू खाली बसली, त्यांचा हात हातात घेतला. "बाईसाहेब, ते गेलं. काल सकाळी. शनिवारी माती आहे."

पाळकीणबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग खिडकीबाहेर बघायला लागल्या. काकूला वाटलं, संपलं. समजलंच नाही यांना. आपण तर सांगायचं नाही म्हटल्यावर आणखी काय करणार, ती उठली आणि आली.

शनिवारी चर्च भरलं. पेटी उघडी, काकाला निळा सूट, हात पोटावर. उघडे. नवे पाळक तरुण, मनानं चांगले, बोलताना म्हणाले, "ब्रदर ओझेल शांत माणूस. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. विश्रांतीची त्यांना आवड होती, आणि आज त्यांना ती..." बाकांवर हलकी खसखस पिकली. पहिल्या बाकावर काकूनं पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी आवळून धरला.

मग आठवणी सांगायची वेळ. फक्त दोन मिनिटं, असं छापलेलं असतं आणि कुणी पाळत नाही. दोघं-तिघं बोलले. तेवढ्यात मागून खुर्चीच्या चाकांचा आवाज आला. पाळकीणबाई. पांढरा पोशाख, पांढरी टोपी, मागे नर्स. सगळी मंडळी उभी राहिली.

नर्सनं माईक तोंडाशी धरला. पाळकीणबाई पेटीकडे बघत होत्या.

"आमच्याकडे कुत्रं नव्हतं," त्या म्हणाल्या.

कुणाला काही कळेना. एक म्हातारी मायेनं म्हणाली, "असू दे हो, बाईसाहेब."

"असू दे काय? नव्हतं! लुशियसला कुत्र्याच्या केसांनी शिंका यायच्या. मांजरसुद्धा चालायचं नाही. कुत्रं कुठलं?" त्यांनी हात उचलून पेटीकडे दाखवला. "हा बसायचा. मांडीवर बंदूक घेऊन. दोन वर्षं. मी ताट ठेवायची. माझ्या नवऱ्यानं ह्याला कधी आत बोलावलं नाही, पण हा आला नाही तर त्याला झोप लागायची नाही. आणि तुम्ही ह्याला झोपला म्हणून काढलंत, बाई! लुशियस त्या खुर्चीत बसून होता, बोलला नाही. मी पण बोलले नाही. रुमाल पिळत बसले." मग जरा थांबून, "टी-केक कुणी केलेत का आज?"

कुणी आमेनसुद्धा म्हणालं नाही. ज्यांनी स्वतःला उपकप्तान म्हणवलं होतं त्यांतले दोघं हातातल्या पंख्यांवर छापलेलं वाचायला लागले. नवे पाळक हॉलच्या दाराकडे बघत होते, जिथून ते चित्र दिसतं.

आयव्हरी दारातून चालत आली. एक हात पाठीमागे मुठीत, अशरची चाल, न घाई न उशीर. काकूसमोर थांबली.

"व्हर्डेल. त्याची पाळी रात्रीची होती?"

काकूनं होकाराची मान हलवली. मान हलवणं म्हणजे सांगणं नव्हे, असं तिनं मनाशी ठरवलं.

"मग रात्रीची पाळी केलेल्याला सकाळी उभं करायचंच नसतं," आयव्हरी म्हणाली. "तोही नियम आहे. चूक मंडळाची. म्हणजे काढलं ते लागूच होत नाही."

तिनं स्वतःचे हातमोजे काढले. ओझेलकाकाच्या हाताला लावून बघितले. गिरणीतले हात ते, बोटंसुद्धा शिरेनात.

"राहू दे," काकू म्हणाली. "फाडले असते त्यानं." तिनं घडी घालून ते त्याच्या हाताखाली ठेवले.

आयव्हरी पेटीसमोर ताठ उभी राहिली आणि उजवा हात छातीवर आडवा धरला. मी आले. तू सुटलास. आणि मग तिनं नुसती बोटं हलवली, आणि भिंतीकडेचे सगळे अशर दोन्ही बाजूंना रांगेत आले.

माती झाल्यावर जेवण त्याच हॉलमध्ये होतं. नवे पाळक काकूजवळ येऊन हळूच म्हणाले, "चित्राचं काहीतरी बघू, काकू. कमिटीपुढे ठेवतो. फक्त... लहान मुलांना ते कुत्रं फार आवडतं हो."

"असू दे की. गोड आहे," काकू म्हणाली.

ती आता जेवली. पोटभर जेवली, चार दिवसांनी. मग ताटातला एक टी-केक उचलून चित्रापाशी गेली आणि चौकटीच्या खालच्या फळीवर, कुत्र्याच्या तोंडासमोर ठेवला.

"व्हर्डेल!" मागून आयव्हरीचा आवाज. "हॉलमध्ये खाण्याचं असं ठेवायचं नसतं. मुंग्या येतात."

काकू वळली नाही.

आयव्हरी जवळ आली, टी-केककडे बघितलं, चित्राकडे बघितलं. मग कागदी रुमालाची घडी काढून टी-केकखाली सरकवली.

"निदान खाली कागद तरी घाल," ती म्हणाली. "डाग पडतो."